सहा कळ्यांचं काडतूस

१

काव्या कलशेट्टीच्या हातात बंदूक फुटली तेव्हा वैजयंती सुरवसे नाशिकला लेकीच्या बाळंतपणात अडकली होती. तिला कोणी कळवलंच नाही. सोलापूरला परतल्यावर मंडईत वांगी निवडताना शेजारच्या बाईने सहज विषय काढला.

"त्या गुरुबसप्पांच्या पोरीचं ऐकलं का हो? बंदुकीचा खेळ खेळायची ती? डाव्या हाताची दोन बोटं गेली की. बापानंच घरी भरलेलं काडतूस म्हणे. एकात दोनदा दारू घातली म्हाताऱ्यानं. वय झालं की गप बसावं, कशाला असले उद्योग!"

वैजयंतीने वांगी टोपलीत परत टाकली आणि रिक्षा केली.

सरकारी प्रयोगशाळेत गोळ्या आणि काडतुसं तपासण्यात तिची सगळी नोकरी गेली होती. तिथले वरिष्ठ म्हणायचे, सुरवसेबाईंच्या अहवालात शाईपेक्षा संताप जास्त असतो. पण आज रिक्षात बसल्यावर तिच्या कानशिलात जे घणघणत होतं ते नेहमीचं नव्हतं. कारण मानलेल्या भावाला, गुरुबसप्पा अण्णांना, काडतुसं भरायची ती प्रेस तिनेच घ्यायला लावली होती.

गेल्या वर्षीची गोष्ट. भवानी पेठेत अण्णांचा टॉवेलचा छोटा कारखाना. त्यांची काव्या उडत्या तबकड्यांवर बारा बोअरच्या बंदुकीने नेम धरायची आणि राज्याच्या संघात तिचं नाव जवळपास पक्कं झालं होतं. सरावाला काडतुसं लागायची ढिगाने. कंपनीचा माल कधी मिळायचा, कधी महिना महिना नाही. म्हणून अण्णांनी घरी काडतुसं भरायचा रीतसर परवाना काढला, आणि मग प्रेस कुठली घ्यायची यावर सगळा क्लब भांडत बसला. एकेक काडतूस भरणारी साधी प्रेस फार हळू, तिचा प्रश्न नव्हता. घ्यायची होती प्रोग्रेसिव्ह. तिच्या गोल ताटलीवर बरीच काडतुसं एकदम बसतात. दांडा एकदा ओढला की एकाच्या बुडाची ठिणगी पाडणारी जुनी टोपी निघते, दुसऱ्यात नवी बसते, तिसऱ्यात दारू पडते, पुढच्यात छर्रे, आणि शेवटच्याचं तोंड मिटतं. काही प्रेसमध्ये ही ताटली दर खेपेला हाताने फिरवावी लागते, काहींत ती आपली आपण फिरते.

क्लबचे सचिव उदयसिंह जगदाळे हाताच्या बाजूचे. "आपोआप फिरणारीत स्प्रिंगा फार, अडकते ती," ते म्हणायचे. "हाताची घ्या, सगळं आपल्या ताब्यात राहतं. आणि आपोआप म्हणजे काय हो, आळशी माणसाचं काम!" यावर सगळा क्लब हसला होता.

वैजयंतीने अण्णांना फोनवरच झापलं होतं. "दारात कोणी हाक मारली की तुम्ही हातातलं काम टाकून उठता, अण्णा. परत येऊन बसलात आणि ताटली फिरवली की नाही तेच आठवलं नाही, तर दांडा पुन्हा ओढाल आणि त्याच काडतुसात दुसऱ्यांदा दारू पडेल. तुमच्यासारख्या माणसाने आपोआप फिरणारीच घ्यायची."

त्यांनी तीच घेतली. आणि आता हे.

दार रत्नम्मांनी उघडलं. त्या अण्णांच्या बायको. नेहमी बोलून बोलून जीव नकोसा करणाऱ्या रत्नम्मा आज नुसत्या बाजूला झाल्या आणि जिन्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "वर हायत. पोरगी बापाचं तोंड बघत न्हाई, बाप कुनाचंच बघत न्हाई. मी दोगांच्या मधी जिना चढून-उतरून मरते."

वरच्या खोलीत अण्णा प्रेससमोरच्या स्टुलावर बसलेले. पोलिसांनी दारू, छर्रे, भरलेली काडतुसं सगळं नेलं होतं. प्रेस तेवढी टेबलाला बोल्टने आवळलेली, म्हणून तिला लाखेचा शिक्का मारून तिथेच सोडली होती.

"बा वैजू, कुंद्रु," अण्णा कानडीत म्हणाले आणि तिला बसायची खूण केली. मग तिच्याकडे न बघताच, "यल्ला नंद तप्पु. सगळी माझीच चूक."

"कसली चूक? नीट सांगा."

"आदल्या दिवशी प्रेस अडकली की. रिकाम्या काडतुसाचं एक टरफल तिरकं बसलं होतं. ते उपटून काढलं, ताटली हातानं थोडी मागं घेतली, परत चालू केलं. तवाच एकात दोनदा पडली असणार."

"असणार? बघितलंत तुम्ही?"

"बघितलं असतं तर काव्याच्या हातात दिलं असतं का ते?"

"मग कबूल कसं केलंत?"

अण्णा म्हणाले, "उदयसिंह आले होते दवाखान्यात. लई जीव लावला त्यांनी. म्हणाले, अण्णा, वय झालं, होतं असं. कबूल करून टाका, मी पोलिसातल्या लोंढेसाहेबांशी बोलतो, सौम्य कलम लावतील."

वैजयंतीने दात आवळले. पाहिलेलं नाही, तपासलेलं नाही, आणि कबूल! सवयीने तिचा हात प्रेसच्या खालच्या अंगाला गेला. काडतुसाचं तोंड मिटताना त्याला चुण्या पाडणारा भाग तिथे असतो. मोदकाला पाडतात तशाच कळ्या. तिने बोट फिरवलं. आठ खाचा.

"हा एकच भाग आहे तुमच्याकडे? दुसरा नाही?"

"एकच. आठवाला. का गं?"

ती उत्तर न देता उठली. जिन्याशेजारच्या खोलीचं दार लोटलं, तर आतून काव्याचा आवाज आला, कोरडा, धारदार.

"आत्या, अप्पांची बाजू घ्यायला आली असशील तर तशीच खाली उतर."

२

निरीक्षक लोंढे वैजयंतीला ओळखत होते. तिच्या अहवालावर त्यांचा एक आरोपी आत गेला होता आणि एक सुटला होता, त्यामुळे आदर होता आणि भीतीही.

"मॅडम, केस सरळ आहे," त्यांनी चहा मागवत सांगितलं. "म्हातारे कबूल आहेत. निष्काळजीपणा. लॅबचा अहवाल यायला काही महिने जातील, पण त्यात वेगळं काय येणार?"

"फुटलेलं टरफल दाखवा."

"मॅडम, मुद्देमाल आहे तो."

"पिशवी उघडू नका. बाहेरून बघते. तेवढी तर माझी लायकी असेल ना अजून?"

लोंढ्यांनी निमूटपणे कपाट उघडलं. पारदर्शक पिशवीत लाल प्लास्टिकचं टरफल होतं. बुडाचं पितळ उसवलेलं, मागची टोपी निम्मी बाहेर आलेली, पांढरी, चांदीसारखी. वैजयंतीने पिशवी खिडकीच्या उजेडात धरली आणि टरफलाच्या तोंडाकडे बघितलं. बार उडाल्यावर तोंड उघडतं, पण मोडलेल्या चुण्यांच्या रेघा प्लास्टिकवर तशाच राहतात. ती बघत राहिली. मग तिने पिशवी टेबलावर अशी आदळली की लोंढ्यांचा चहा बशीत सांडला.

"मोजा."

"काय मोजू?"

"ह्या तोंडावरच्या रेघा मोजा, साहेब. पोराला शिकवतात तसं बोट ठेवून मोजा."

लोंढ्यांनी मोजल्या. "सहा."

"आता काव्याच्या कमरेच्या पिशवीतली काडतुसं काढा. जी तुम्ही जप्त केलीत ती."

ती दुसऱ्या पाकिटात होती. तीही लाल. लोंढ्यांनी एकेक उलटं करून बघितलं. प्रत्येकाच्या तोंडाशी आठ कळ्या, सुबक, मधोमध मिटलेल्या.

"अण्णांच्या प्रेसला आठ खाचांचाच भाग आहे. तुमच्याच शिक्क्याखाली आहे, जाऊन बघा. त्या प्रेसमधून सहा कळ्यांचं काडतूस निघूच शकत नाही. तुम्ही एका बापाकडून कबुली घेतलीत आणि हे साधं टरफल उलटं करून बघितलं नाहीत!"

लोंढे लाल झाले. "मॅडम, आम्ही तज्ज्ञांचं मत घेतलं होतं. जगदाळेसाहेबांनी स्वतः समजावलं. म्हणाले, दांडा ओढल्यावर ताटली हातानं फिरवायची राहून गेली, म्हणून दोनदा दारू पडली."

वैजयंती उठता उठता परत बसली.

"हे उदयसिंह म्हणाले? ताटली हाताने फिरवायची राहिली?"

"हो. का?"

"आणि काव्याची ती पिशवी तुमच्याकडे कोणी दिली?"

"जगदाळेसाहेबांनीच," लोंढे म्हणाले, आणि त्यांचा चेहरा जरा बदलला.

३

काव्या पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. डावा हात पट्ट्यांत. वैजयंतीने समजुतीचा एक शब्दही काढला नाही, तिला तो येतही नव्हता.

"मला त्या सकाळचं सांग. रडगाणं नको, सलग सांग."

"सगळ्यांना सांगितलंय."

"मला नाही सांगितलंस."

काव्याने तिच्याकडे रागाने बघितलं आणि सांगायला सुरुवात केली. ती आणि संस्कृती, म्हणजे उदयसिंहांची मुलगी, शेजारी शेजारी उभ्या होत्या. लहानपणापासून दोघी एकत्र शिकलेल्या, एकीचं ते दुसरीचं. फेरी संपत आली तेव्हा काव्याच्या पिशवीतली काडतुसं कमी पडली. संस्कृतीने आपल्या पिशवीतून मूठभर काढून तिच्या पिशवीत टाकली.

"हे तू लोंढ्यांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, संस्कृती कंपनीचीच काडतुसं वापरते, त्यात काय असणार. आणि अप्पांनी तर आधीच..." ती थांबली. उजव्या हाताची मूठ तिने पलंगाच्या कडेवर आवळली. "आधीच मान्य केलं होतं. मी शुद्धीवर यायच्या आत."

"संस्कृतीने टाकल्यावर तू किती उडवलीस?"

"पहिल्यालाच तर फुटली की!"

वैजयंती खिडकीशी गेली. खाली गल्लीत मागांचा खडखडाट चालू होता. मूठभर काडतुसांतलं एकच उडालं. म्हणजे बाकीची पिशवीत राहायला हवी होती. पोलिसांच्या पाकिटात मात्र झाडून सगळी आठ कळ्यांची, अण्णांनी भरलेली. संस्कृतीचं एकही नाही.

"काव्या, तुझी आणखी भरलेली काडतुसं क्लबात असायची?"

"ऑफिसच्या कपाटात. अप्पा खोकी आणून ठेवायचे."

"किल्ली?"

"रखवालदार जोतीराम काकांकडे एक. जगदाळे काकांकडे एक."

म्हणजे बंदूक फुटल्यानंतर, पोरगी रक्तात पडलेली असताना, कोणीतरी शांतपणे तिची पिशवी रिकामी करून परत भरली होती.

४

क्लबचं मैदान कुंभारीच्या अलीकडे, माळावर. जोतीराम तिथला रखवालदार आणि सगळंच. तबकड्यांचं यंत्र भरायचं, गवत कापायचं, कपाट उघडायचं त्याच्याकडे. वैजयंतीला बघून तो कावराबावरा झाला आणि तिने ते हेरलं.

"जोतीराम, त्या दिवशी काव्याची पिशवी कोणी उचलली?"

"म्या न्हाय बगितलं, बाई."

"खोटं बोलू नकोस. तुझ्याकडे कपाटाची किल्ली होती. उद्या लोंढेसाहेब तुलाच धरतील."

जोतीरामने हातातलं खुरपं खाली टाकलं. त्यालाही राग आला होता, बहुतेक बरेच दिवस साठलेला. "मला धरत्यात व्हय? धरू द्या की! पोरीला गाडीत घातलं, समदी तिच्यामागं दवाखान्यात पळाली. जगदाळेसाहेब तेवढं ऱ्हायले. मला म्हनले, पिशवी हापिसात आन आन तू जाऊन फाटक बंद कर. म्या आनली. पुढचं मला ठावं न्हाय. पोलिस लई उशिरा आले."

"तू हे बोलला का नाहीस?"

"कुनी इचारलं? समद्यांनी साहेबांनाच इचारलं."

वैजयंतीने मैदानाकडे बघितलं. काल-परवाचा सराव झाला होता, पण जमिनीवर एकही टरफल पडलेलं नव्हतं.

"टरफलं रोज वेचतोस?"

"वेचतो की. गुरुबसप्पा अण्णांची त्यांना. बाकीची साहेब पोत्यातनं घेऊन जात्यात. आधीपासनंच."

"अजूनही?"

"गेल्या आठवड्यातबी नेली."

उदयसिंह जगदाळे ऑफिसात होते. पांढरा कडक शर्ट, कपाळावर गंध. त्यांनी खुर्चीतून उठून हात जोडले.

"ताई, फार वाईट झालं हो. गुरुबसप्पांना मी केव्हापासून सांगत होतो, आता हे काम झेपायचं नाही. दांडा ओढला, ताटली फिरवायची राहिली, पुन्हा ओढला. एका क्षणाचं काम. कोणाचंही होऊ शकतं."

"हो ना," वैजयंती म्हणाली. वळलेल्या मुठी तिने टेबलाखाली ठेवल्या. "तुम्हीही भरायचात की पूर्वी?"

"केव्हाच सोडलं. परवाना संपला, नूतनीकरण केलं नाही. प्रेस विकून टाकली. संस्कृतीला मी कंपनीचंच देतो, पोरीच्या जिवाशी खेळ नको." त्यांनी मागच्या फळीवरून एक खोकं काढून तिच्यापुढे सरकवलं. "हे बघा. दर्जा असतो त्याला."

वैजयंतीने एक काडतूस उचललं. लाल. तोंडाशी सहा कळ्या. कंपनीच्या काडतुसालाही सहाच कळ्या! मग संस्कृतीने दिलेलं ते कंपनीचंही असू शकत होतं, दोष कारखान्याचा, आणि ह्या माणसाने काहीच केलं नव्हतं.

तिने काडतूस उलटं केलं. बुडाची टोपी सोनेरी होती. दुसरं बघितलं. सोनेरी. तिसरं, चौथं. सगळी सोनेरी.

"छान आहेत," ती म्हणाली आणि खोकं परत सरकवलं. "रविवारी तुमची बैठक आहे म्हणे?"

"हो. गुरुबसप्पांचं सभासदत्व रद्द करायचं आहे. जड जातंय, पण क्लबचं नाव आहे."

५

रविवारी सकाळी क्लबच्या पत्र्याच्या शेडमध्ये सभासद जमले होते. संस्कृती मागच्या रांगेत एका टोकाला बसली होती. उदयसिंह उभे राहून बोलत होते, "आपल्याच एका ज्येष्ठ सभासदाच्या हातून..." तेवढ्यात वैजयंती आत आली. तिच्यामागे निरीक्षक लोंढे, हातात दोन पाकिटं.

"तुम्ही बसा, उदयसिंह," वैजयंती म्हणाली. "ज्येष्ठ सभासदाच्या हातून काय झालं ते मी सांगते."

"ताई, ही कार्यकारिणीची..."

"बसा!"

ते बसले. तिने लोंढ्यांच्या हातातलं पाकीट घेतलं आणि पहिल्या रांगेतल्या माणसाच्या मांडीवर ठेवलं. "हे फुटलेलं काडतूस. तोंडावरच्या चुण्या मोजा आणि पुढे द्या. अण्णांची प्रेस आठ पाडते. ह्यावर सहा आहेत. म्हणजे हे अण्णांनी भरलेलं नाही."

शेडमध्ये कुजबुज झाली.

"मग कोणाचं? काव्या सांगते, शेवटची मूठभर काडतुसं तिला संस्कृतीने दिली. उदयसिंह म्हणतात, संस्कृती कंपनीची वापरते. कंपनीच्या काडतुसाला सहा कळ्या असतात, बरोबर. पण त्याची टोपी सोनेरी. ह्याची पांढरी आहे. कारखान्यातून निघाल्यावर हे एकदा उडालं, कोणीतरी वेचलं, नवी टोपी बसवून पुन्हा भरलं. सोलापुरात पुन्हा भरणारे दोघंच होते. एक अण्णा. दुसरे म्हणतात, मी सोडलं. सोडलेला माणूस गेल्या आठवड्यात पोतंभर टरफलं कशाला घरी नेतो?"

"ती... भंगारात देतो मी," उदयसिंह म्हणाले.

"आणि काव्याची पिशवी? तिच्यात संस्कृतीची काडतुसं उरायला हवी होती. एकही नव्हतं. पिशवी जोतीरामने तुमच्या हातात दिली, ती लोंढ्यांच्या हातात जाईपर्यंत इथे तुम्ही एकटे होतात, आणि ह्या कपाटात अण्णांची खोकी होती." ती त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "पण मला तुमचा पहिला संशय केव्हा आला सांगू? तुम्ही लोंढ्यांना म्हणालात, ताटली हाताने फिरवायची राहिली. अण्णांची ताटली आपोआप फिरते! ह्याच शेडमध्ये तुम्ही त्याला आळशी माणसाचं काम म्हणाला होतात, हे सगळे हसले होते. तुम्हाला ते पक्कं ठाऊक होतं. तरी तोंडातून हाताची ताटली निघाली. कारण तुमच्या डोळ्यांपुढे अण्णांची प्रेस नव्हतीच. तुमची होती."

"प्रेस मी विकली आहे," उदयसिंह म्हणाले. आवाज अजून खणखणीत होता. "विकलेल्या वस्तूचा पुरावा तुम्ही..."

"कोणाला विकलीत?"

"बिदरकडच्या एका माणसाला. नाव आता..."

"पप्पा, पुरे."

संस्कृती उभी राहिली होती. ती लोंढ्यांकडे बघून बोलली, बापाकडे नाही. "शेतावर, विहिरीच्या पंपाच्या खोलीत आहे. ताडपत्रीखाली. परवाना संपल्यावरही ते भरतच होते. कंपनीचं खोकं दाखवायला असतं, मी उडवते ती त्यांनी भरलेली."

"संस्कृती!"

"काव्याला मीच दिलं ते. तुम्ही म्हणालात, बोललीस तर मी तुरुंगात जाईन, क्लब जाईल, तुझा खेळ जाईल. मी गप्प बसले. दवाखान्यात तिच्या उशाशी बसून गप्प बसले!" तिचा आवाज फाटला. "पण तुम्हाला एकदा तरी सुचलं का, पप्पा? ते माझ्या पिशवीत होतं. ते माझ्यासाठी होतं. पुढची पाळी माझी होती."

उदयसिंहांनी तोंडावरून हात फिरवला. कपाळावरचं गंध पुसलं गेलं.

"फोन आला होता," ते म्हणाले, कोणाला म्हणून नाही. "मधेच फोन आला. कोणाचा तेही आठवत नाही. बोलून आलो आणि दांडा ओढला."

"ती चूक होती," वैजयंती म्हणाली. "चुकीला मी काही बोलले नसते. पण त्यानंतर तुम्ही दवाखान्यात गेलात. ज्याच्या लेकीची बोटं तुमच्यामुळे गेली त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि त्याला सांगितलंत की हे तू केलंस. ते तुम्ही फोनवर बोलता बोलता नाही केलंत."

संस्कृती तिच्याकडे आली, काहीतरी बोलायला. वैजयंतीने हात वर करून तिला थांबवलं. "मला नको सांगूस. ज्यांना सांगायचं त्यांचं घर तुला माहीत आहे. आणि आज लगेच जाऊ नकोस, आधी मला जाऊ दे."

लोंढ्यांनी उदयसिंहांना दंडाला धरून उठवलं.

६

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे मी नव्हतं केलं म्हणतेस."

"नव्हतं केलं."

ते प्रेसकडे बघत राहिले. त्यांना आनंद झाल्यासारखं काही दिसेना. दारात आवाज झाला म्हणून वैजयंतीने वळून बघितलं, तर काव्या उभी होती. बंदूक फुटल्यापासून ह्या खोलीत ती पहिल्यांदाच आली होती.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "अप्पा, तुम्ही केलं नव्हतं."

"नाही म्हणे."

"म्हणे?" काव्या ओरडली. "म्हणे काय! तुमचं काम, तुमची प्रेस, तुम्हाला माहीत नाही? मी त्या खोलीत पडून इतके दिवस तुमच्यावर जळत होते! रोज वाटायचं, आता येतील, म्हणतील मी नाही केलं. एकदा तरी म्हणायचं होतं ना! जगदाळे काका बोलले आणि तुम्ही मान डोलावली?"

"तुझा हात बघितला मी. त्यापुढं दुसरं काय सुचायचं?"

"सुचायला पाहिजे होतं! एक टरफल बघायला मागायचं होतं! कबूल करून मोकळे झालात, आणि माझं काय? मला बाप नको होता का?"

"मोकळा?" अण्णा स्टुलावरून उठले. त्यांचा आवाज इतका चढलेला वैजयंतीने कधी ऐकला नव्हता. "मोकळा झालो म्हणतेस? रोज ह्या दांड्याला हात लावून बसायचो मी, कुठं चुकलं, कुठं चुकलं म्हणून! तू दार लावून घेतलंस! एकदा तरी येऊन शिव्या द्यायच्या होत्यास!"

"देणारच होते! आता देते!"

खालून रत्नम्मांनी कानडीत काहीतरी खडसावलं. कोणी लक्ष दिलं नाही. काव्याने पुढे येऊन टेबलावर हात आपटला. रागाच्या भरात नेमका पट्टीतला. ती कळवळली, पण बोलायची थांबली नाही, आणि पुन्हा आपटायला हात उचलला तर अण्णांनी तो मधल्यामध्ये धरला. मनगटापाशी, अगदी अलगद.

"हा नको आपटू. दुसरा आपट."

"सोडा. माझं बोलून झालं नाही अजून."

"मग बोल की. हात धरून ऐकत न्हाई का मी?"

तिने हात सोडवून घेतला नाही. आणि पुन्हा पहिल्यापासून भांडायला लागली, तो दवाखान्यातला पहिला दिवस धरून, एकेक गोष्ट, आणि अण्णाही तितक्याच जोराने उत्तरं देत राहिले.